थकबाकीचा वार

शनिवारी रात्रीची जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला आणि टीव्हीचा आवाज थांबला, म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या संसारात एक लहानशी कचेरी भरते. विजेच्या जुन्या बिलाची कोरी पाठ, शाई संपत आलेले एक बॉलपेन आणि स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून व गॅलरीतून एकामागून एक रुजू होणाऱ्या तक्रारी, एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या दिवसाची यादी तयार होते. परवाच्या यादीत पहिले कलम गव्हाच्या दळणाचे होते. त्याखाली माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा, कुकरची सैल झालेली रिंग, पंख्याचा कंडेन्सर, चार महिन्यांची रद्दी, मुलीच्या शाळेसाठी कार्डबोर्ड (‘पिवळाच, केशरी नको’ या शेऱ्यासह), दादरला आत्याकडे पोचवावयाची औषधांची पिशवी, ‘आईची सही’ असे एक गूढ वाटणारे कलम, आणि सर्वांत शेवटी, दोनदा अधोरेखित केलेली, आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. पत्नीने सर्व यादी शांतपणे वाचली आणि समासात ‘मटण?’ एवढा एकच शेरा मारून ती मंजूर केली.

न फिटलेल्या देण्याला मराठीत थकबाकी म्हणतात. जमाखर्चाच्या दप्तरातला हा शब्द ज्या कोणा अज्ञात कारकुनाने ‘थकणे’ आणि ‘बाकी’ यांना एकत्र जुंपून घडवला, त्याला शहरातल्या रविवारची पुरेपूर कल्पना असली पाहिजे. कारण सोमवारपासून शनिवारपर्यंत जे जे काही ‘रविवारी बघू’ या दोन शब्दांच्या हुंडीवर पुढे ढकलले जाते, ते सारे व्याजासकट त्या एका दिवसाच्या दारात वसुलीला येऊन उभे राहते. चपलेचा अंगठा मंगळवारी तुटला होता. तो शिवून देणारा कारागीर स्टेशनच्या जिन्याखाली रोज बसतो, आणि मी रोज सकाळी त्याच्या पुढ्यातून गाडीसाठी धावत जातो. पण धावणाऱ्याची चप्पल शिवता येत नाही, आणि रात्री साडेआठला मी तोच जिना उतरतो तेव्हा त्याने आपली लोखंडी तिपाई पोत्यात गुंडाळलेली असते. तो अंगठा रविवारपर्यंत एका सेफ्टी पिनेच्या भरवशावर राहिला. सहा दिवस शहर माणसाला त्याच्या घरापासून दूर ठेवते, म्हणून घराची डागडुजी, देहाची निगा, नात्यागोत्याचा व्यवहार आणि कचेऱ्यांतली हजेरी ही चारही खाती एकाच दिवसावर येऊन आदळतात. आणि त्या दिवसाला आपण सर्वजण, वाक्प्रचार म्हणून का होईना, विसाव्याचा दिवस म्हणतो.

आमच्या भागात रविवार मटणाच्या दुकानापुढे उजाडतो. श्रावण आणि पाठोपाठ गणपती असे दोन्ही पाळून मोकळ्या झालेल्या मंडळींची रांग पावणेसातलाच कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाजवळ रिकाम्या पिशवीखेरीज आणखी काहीतरी होते: कोणाच्या काखेत मिक्सरचे भांडे, कोणाच्या पायाशी दळणाचा डबा, आणि एका वृद्ध गृहस्थांच्या हातात तर भिंतीवरचे अख्खे घड्याळ, जे सव्वाचार वाजल्याचे मोठ्या निग्रहाने सांगत होते. ‘जरा नंबर बघा हं’ असे मागच्याला सांगून पुढचा माणूस ब्रेड आणायला जाई आणि येताना ब्रेडबरोबर इस्त्रीचे कपडेही घेऊन येई. एका रांगेत नाव राखून दुसऱ्या दोन रांगांची कामे उरकण्याची ही विद्या आमच्या उपनगरात उपजतच येते. मी स्वतः तिच्यात निष्णात नाही. माझी पाळी आली तेव्हा मी समोरच्या फुटपाथावर कार्डबोर्डचा पिवळेपणा तपासत होतो, आणि परत येऊन पाहतो तो माझ्या पुढे नवीन चारजण उभे.

तेथून गिरणीत. आमच्या गिरणीच्या दाराशी रविवारी सकाळी डब्यांची जी ओळ लागते, तिच्यात नुसता क्रम नसतो, एक सूक्ष्म राजनीतीही असते. गव्हामागून गहू दळला जावा, ज्वारीमागून आलेला गहू पत्करू नये, आणि हरभऱ्याची डाळ घेऊन येणाऱ्याने सर्वांच्या शेवटी थांबावे, नाहीतर पुढच्याच्या पोळ्यांना बेसनाचा वास येतो, हे कायदे कोणी लिहून ठेवलेले नाहीत. तरीही त्यांचा भंग झाला की जी कुरबूर ऐकू येते, ती ऐकून एखाद्या दिवाणी न्यायालयाची आठवण व्हावी. गिरणीवाला तोंडाने फारसे बोलत नाही, कारण पट्ट्याच्या घरघरीत बोलून उपयोग नसतो. पन्हाळीतून उतरणारे ऊन ऊन पीठ तो अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळून पाहतो, डोक्यावरचे चक्र अर्ध्या आट्याने आवळतो, पुन्हा चोळून पाहतो, आणि त्याच्या पांढऱ्या झालेल्या पापण्यांखालून समाधानाची किंचित छटा उमटली तर उमटते. माझ्या डब्याकडे त्याने एकदा पाहिले, ओळीकडे एकदा पाहिले, आणि ‘दादा, डबा ठेवून जा, रात्री घ्या’ असा हुकूम दिला. यादीतले पहिले कलम अशा रीतीने सकाळी आठ वाजता तहकूब झाले.

कापडाची आणि पिठाची अशी दोन्ही यंत्रे मराठीने ‘गिरणी’ या एकाच शब्दाच्या हवाली केली आहेत, आणि आजच्या रविवारची वंशावळ शोधू गेल्यास ती पिठाच्या गिरणीपासून निघून कापडाच्या गिरणीपर्यंत जाते. रविवारची सुट्टी साहेबाने दिली अशी पुष्कळांची समजूत असते. कचेऱ्यांना आणि शाळांना ती राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर आली हे खरे. परंतु मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाला ती कोणी आपण होऊन दिली नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत वाढलेले आणि ‘दीनबंधु’ चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती हे त्यातले आग्रहाचे मागणे होते. त्यानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढल्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचे अधिष्ठान दिले. रविवार हा खंडोबाचाही वार असल्यामुळे तो पाळण्यात कामगारांच्या श्रद्धेलाही काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

महालक्ष्मीच्या त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, ही नोंद मला त्या सगळ्या हकिकतीत सर्वांत बोलकी वाटते. त्या काळात, दहा हजारांच्या जमावापुढे, उभे राहून यंत्राला एक दिवस थांबवा असे सांगणाऱ्या त्या दोघीजणींचे म्हणणे मालकांनी अखेर ऐकले आणि यंत्र थांबले. पण सभेहून परतल्यावर चाळीतल्या खोलीत त्यांची जी चूल वाट पाहत होती, ती थांबवण्याचा अर्ज कोणत्या कमिशनकडे करावयाचा, हे त्यांना कोणी सांगितले नसेल. कायद्याला गिरणीच्या दरवाजाच्या आतले श्रम तेवढे दिसले. दरवाजाबाहेरचे श्रम त्याच्या हिशेबात आलेच नाहीत, आणि जे हिशेबात येत नाही ते थकत जाते.

दहाच्या सुमारास कुकरची रिंग घ्यायला गेलो तेव्हा बाजार नुसता फुलून गेला होता. माझ्या लहानपणी दुकानांना आठवड्याची एक ठरलेली बंदी असे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्यान्वये दुकानदाराला एक दिवस दुकान बंद ठेवणे भागच होते, आणि ‘साप्ताहिक सुट्टी’ अशी पांढरी अक्षरे रंगवलेली पत्र्याची पाटी फळ्यांवर लटकलेली पाहून गिऱ्हाईक मुकाट्याने परत फिरत असे. २०१७ च्या नव्या राज्य कायद्याने ही बंदी उठवली. दुकान वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडे राहू शकते, मात्र नोकराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी मिळाली पाहिजे, अशी नवी व्यवस्था झाली, आणि तीही तेव्हा दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांपुरती. कागदावर हे न्याय्यच दिसते. दुकान झोपत नाही, माणूस झोपतो, तेव्हा सुट्टी दुकानाला कशाला, माणसाला द्यावी, हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे. पण रिंग काढून देणाऱ्या मुलाला मी सहज विचारले, तेव्हा तो म्हणाला, “माझी सुट्टी बुधवारी. घरी कोणीच नसतं, मग झोपून राहतो.” बुधवारी त्याचा भाऊ कामावर असतो, बहीण कॉलेजात असते, मित्र आपापल्या काउंटरांमागे उभे असतात. चोवीस तास त्याला पुरे मिळतात, फक्त ते कोणाबरोबर घालवावेत याची तरतूद त्यात नसते. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले की रस्ते ओस पडत. त्या मालिकेच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या तासाभरात सबंध शहर एकाच वेळी बसलेले असे, आणि सर्वजण बसलेले असले म्हणजे उभ्या राहिलेल्या एकट्या माणसालाही आपले काही चुकत नाही ना असे वाटून बसावेसे वाटते. हे सुख मी बुधवारच्या सुट्टीत पाहिलेले नाही. अर्थात, ज्याने त्याच क्षणी त्या मुलाकडून रविवारच्या दिवशी पंचावन्न रुपयांची रिंग विकत घेतली, त्याने हे लिहावे, यातली विसंगती मला कळते.

दुपारी दादरला निघालो. स्टेशनात शिरतानाच घोषणा ऐकू आली की माटुंगा ते मुलुंड धिम्या मार्गावर सकाळी अकरा पाच ते दुपारी तीन पंचावन्न मेगाब्लॉक आहे. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. बाहेरच्यांसाठी एवढेच की सहा दिवस क्षणाचीही उसंत न मिळणारे रूळ, सांधे, सिग्नल आणि वरच्या विजेच्या तारा यांची दुरुस्ती करण्यासाठी रेल्वे रविवारी काही तास एखादा मार्ग बंद ठेवते. प्रवासी कुरकुरतात. मला मात्र गाडीच्या खिडकीतून त्या बंद मार्गावर खडीत उभे असलेले नारिंगी जाकिटांतले लोक दिसले, त्यांच्यातल्या एकाने पहार खाली ठेवून टॉवेलने मान पुसली, आणि माझी घरी राहिलेली यादी आणि त्यांच्या मुकादमाच्या खिशातली यादी यांत फारसे अंतर नसावे असे वाटले. रेल्वेचीही घरकामे तुंबतात, आणि तीही रविवारीच काढते; कारण इतर दिवशी तिच्या घरात पाहुणे फार. फरक इतकाच की रेल्वे तसे उघडपणे जाहीर करते. एखाद्या कुटुंबप्रमुखाने आपल्या दारावर ‘देखभाल-दुरुस्तीसाठी आज अकरा ते चार भेटीगाठी बंद’ अशी सूचना लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आत्याने दार उघडताच, “इतका उशीर? मी दोनदा चहा टाकला,” म्हणून जे स्वागत केले, त्यात ब्लॉकची सबब अर्थातच मंजूर झाली नाही. औषधे तिने न पाहताच फडताळात ठेवली आणि मग अर्धा तास मला समोर बसवून घेतले, तेव्हा लक्षात आले की औषधे हे निमित्त होते. यादीत ते कलम चुकीच्या खात्यावर लिहिले गेले होते.

आता ‘आईच्या सही’विषयी. आईचे एका बँकेत जुने खाते आहे. त्या बँकेने कागदपत्रे नव्याने मागितली, प्रत्यक्ष हजर राहून सही करावी असा तगादा लावला, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा काढून तिला रिक्षातून घेऊन गेलो. ऐंशीच्या घरात आलेल्या हाताची सही चाळीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळेना. काउंटरमागचा तरुण सभ्य होता. त्याने तीनदा कागद दिला, तीनदा संगणकाच्या पडद्याकडे पाहिले, आणि ‘आजी, घरी थोडा सराव करा, पुढच्या वेळी या’ असे सांगून आम्हांला निरोप दिला. त्याप्रमाणे रविवारी दादरहून परतलो तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी जुने पासबुक उघडून बसली होती आणि माझ्याच यादीच्या मोकळ्या भागावर स्वतःची सही गिरवत होती. अठरा-वीस सह्या झाल्या होत्या. “हात ऐकत नाही रे,” ती म्हणाली, मग जराशाने, “पूर्वीची सही किती ऐटीत करायचे बघ.” खरोखरच, पासबुकातल्या त्या सहीतल्या ‘ल’ची शेपटी एखाद्या मोडीतल्या फर्मानासारखी ओळीखाली झोकात गेलेली होती.

ती ‘पुढची वेळ’ कोणती, हाच प्रश्न आहे. बँका १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. राज्य शासनाच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, आणि त्यांचे सर्वच शनिवार मिटले. या सुट्ट्यांविषयी मला असूया नाही. सरकारी कर्मचारी त्या बदल्यात इतर दिवशी पाऊण तास अधिक बसतात, आणि कोणाची सुट्टी काढून घ्यावी असे म्हणणाऱ्यांत मी कधीच बसणार नाही. पण खाजगी नोकरीत सहा दिवस अडकलेल्या माणसाला जे दोन-चार शनिवार दुपारचे सापडत, तेही गेले, आणि कचेरी उघडी असते तेव्हा आपण कामावर, आपण मोकळे असतो तेव्हा कचेरी बंद, असा तिढा पक्का झाला. पुष्कळसे व्यवहार आता फोनवर होतात हे मान्य. तरीही ज्या कामासाठी नागरिकाला जातीने हजर राहण्याचे फर्मान निघते, त्या कामापुरती तरी प्रत्येक कचेरीने आठवड्यातून एक संध्याकाळ रात्री आठपर्यंत खिडकी उघडी ठेवावी आणि तेथल्या माणसांना त्या दिवशी दुपारी उशिरा बोलवावे, एवढी साधी व्यवस्था का होऊ नये? यात कोणाचे तास वाढत नाहीत, फक्त सरकतात.

येथवर वाचून वाचकाची अशी समजूत झाली असेल की या घरात रविवारी राबतो तो मीच. त्या समजुतीची दुरुस्ती केली पाहिजे. मी दिवसभर बाहेर होतो, आणि बाहेरच्या कामाला रस्ता असतो, रस्त्यावर ओळखीचा माणूस भेटतो, वाटेत कटिंग चहा होतो, चपलेला टाका पडेपर्यंत जिन्याखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ पाहता येते. खरे बोलायचे तर यादी लिहिण्याचा मान मी दर शनिवारी माझ्याकडे ठेवतो त्याचे कारण हेच असावे. घरातल्या कामाला असा रस्ता नसतो. पत्नी आठवड्याचे सहा दिवस ठाण्याला नोकरीवर जाते. रविवारी तिने मटणाचे वाटण काढले, वड्यांचे पीठ मळले, आठवड्याचे गणवेश भिजवले, शेगडीचे बर्नर उकळत्या पाण्यात टाकले, फ्रिजमधली कोथिंबीर निवडली, आणि हे सगळे माझ्या यादीत नव्हते, कारण जे नेहमीच करावयाचे असते ते कोणी लिहून ठेवत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले की २०१९ साली बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवीत आणि पुरुष ९७. २०२४ साली हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, तेव्हा आपणही मागे पडावयाचे नाही म्हणून पुरुषांनी नऊ वाचवली. आणि पुरुषांचा हा आकडा केवळ त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्यांचा आहे. ज्यांनी लावलाच नाही ते हिशेबाच्या बाहेर. मटणाच्या रांगेतला माझा वेळ या ८८ मिनिटांत धरावा की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

रविवारी आमच्या भांड्यांच्या मावशी येत नाहीत. महिन्याकाठी ते चार दिवस ‘खाडे’ म्हणून गणले जात, अगदी अलीकडेपर्यंत. खाडा हा शब्द मला आता खुपतो: गिरणीतल्या माणसाने रविवार घेतला की ती सुट्टी, आणि मावशींनी घेतला की तो खाडा. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यांच्या मागण्यांत पगाराबरोबर भरपगारी रजेचीही मागणी होती. म्हणजे लोखंड्यांच्या अर्जानंतर शंभर वर्षे होत आली तरी तोच अर्ज पुन्हा, दुसऱ्या दारावर, करावा लागत होता. आमच्या मावशी रविवारी काय करतात हे मी एकदा विचारले. “काय करणार? आमचं घर,” त्या म्हणाल्या.

सभेचे सविस्तर वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. तीस सप्टेंबरपूर्वी ती उरकणे भाग असते, म्हणून ती सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी वाहनतळाच्या छताखाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून, भरते. गणसंख्येसाठी वीस सभासद लागतात. पाच वाजता सातजण होते, आणि त्यांपैकी एकजण चुकून, खेळायला गेलेल्या नातवाला शोधत आलेला. नियमाप्रमाणे सचिवांनी सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्याचे गंभीरपणे पुकारले आणि नियमाप्रमाणेच अर्ध्या तासाने ती त्याच ठिकाणी, त्याच सातजणांसह, पुन्हा सुरू झाली, कारण तहकूब सभेला गणसंख्येचे बंधन नसते. त्या अर्ध्या तासाविषयी मात्र मला दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. कोणी घरी गेले नाही, कारण जिने चढून पुन्हा उतरणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते. कोणाला काही काम नव्हते, करता येण्यासारखेही नव्हते. आम्ही सातजण त्या खुर्च्यांवर नुसते बसून राहिलो. पावसाची एक सर येऊन गेली, पत्र्यावर आवाज झाला, चौथ्या मजल्यावरच्या नानांनी गावच्या भातखाचरांची काहीतरी हकिकत सांगायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली, नातू सापडला, आणि तळमजल्यावरच्या वहिनींनी न मागता चहा पाठवला. सबंध रविवारात मी पाठ टेकली ती तेवढीच, आणि ती मला संस्थेच्या उपविधींनी मिळवून दिली. पुढचा दीड तास पाण्याच्या टाकीच्या गळतीत गेला.

रात्री पावणेनऊला पत्नीने कणकेचा डबा उघडला आणि तळाशी खरवडल्याचा आवाज मी बाहेरच्या खोलीत ऐकला. सोमवारच्या डब्याच्या पोळ्यांचे पीठ गिरणीत होते. सकाळी अंगठा शिवलेली चप्पल पायात सरकवून मी खाली उतरलो.

गिरणीचे अर्धे शटर ओढलेले होते. पट्टा थांबला होता, आणि त्या घरघरीची सवय झालेल्या कानांना ती शांतता वेगळीच लागत होती. गिरणीवाला मोठ्या केरसुणीने जमिनीवरचे पीठ एका कोपऱ्यात लोटत होता. माझा डबा, झाकणावर खडूने लिहिलेल्या माझ्या आडनावासह, एकटाच उरला होता. पैसे देताना मी सहज विचारले, उद्या सोमवार, म्हणजे तुमची सुट्टी ना?

“हो, उद्या बंद,” तो म्हणाला. “दगड काढायचेत. दोन महिने टाकी मारलेली नाही, पीठ जाड पडायला लागलंय. सकाळी सातला सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत बसवून होतील.” मग केरसुणी भिंतीला टेकवून त्याने डबा माझ्या हातात दिला. पीठ अजून कोमट होते.